आबांच्या हातची वायर

“वायर बदलायची नाही,” बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. “आबांच्या हातची वायर आहे ती.”

त्यांच्या रुमालाला तपकिरीचा असा भपकारा यायचा की डोळ्यांत पाणी यायला निराळ्या दुःखाची गरजच नव्हती. पण समोर बसलेल्या संचालकांनी लगेच माना खाली घातल्या. दोघातिघांनी सुस्कारे सोडले. आबासाहेब खराडे म्हणजे आमच्या सूतगिरणीचे संस्थापक. ते वारून तीन वर्षं झाली होती. हयातीत त्यांनी विजेचा दिवासुद्धा स्वतः कधी लावला नाही, शिपायाला हाक मारून लावून घ्यायचे. त्यांनी वायर ओढली असणं शक्य नव्हतं, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नवा टेलिफोन बोर्ड बसवायला मिरजेहून आलेला मुल्ला तेवढा गोंधळला. “साहेब, जुनी वायर चालत न्हाई असं न्हाई,” तो म्हणाला. “पन भिंतीच्या आत कुठं काय जोडलंय ते कुनालाच म्हाईत न्हाई. नवी टाकली तर आपल्याला कळतंय, कुठनं कुठं गेली ती.”

“आईचं दूध कुठनं कुठं गेलं ते विचारतो का कुणी?” बापूसाहेब म्हणाले.

“वा,” एक संचालक म्हणाला.

या वाक्याचा अर्थ काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण चेअरमनांना ते पटलं. चेअरमन म्हणजे आबांचे चिरंजीव दादासाहेब. बापूसाहेब त्यांचे सख्खे चुलते आणि गिरणीचे व्हाईस चेअरमन. फुकटात काम होतंय आणि वर पितृभक्तीही दिसतेय म्हटल्यावर दादासाहेबांना आणखी काय हवं होतं?

“जुनीच वायर ठेवा,” ते मुल्लाला म्हणाले. “आपल्याला वायर बदलायची नाही. मधलं माणूस बदलायचंय.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मधलं माणूस म्हणजे मी, इंदुमती चौगुले. गिरणीची टेलिफोन ऑपरेटर. आमच्याकडे बोर्ड दोन होते, एक माझा आणि एक संचालकांचा, आणि त्यातला माझा चालायचा. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्याकडे यायचा. “नमस्कार, सूतगिरणी. कोण पाहिजे?” असं म्हणत मी तो पुढे जोडून द्यायची. नवा बोर्ड आला की फोन परस्पर ज्याच्या त्याच्या टेबलावर जाणार होता, आणि मग माझं काम संपणार होतं.

“चौगुले बाई, राग मानू नका,” दादासाहेब म्हणाले. “भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडं भिंतीला नाहीत, बोर्डाला आहेत.”

संचालक मनापासून हसले. मी हातातली फोननंबरांची यादी टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. कानांपासून मानेपर्यंत सगळं तापलं होतं.

प्रकरण असं होतं. दादासाहेबांना फोनवर मोकळं बोलायची खोड. तालुक्याच्या ठिकाणी एक मित्र होता, दुपारी जेवण झालं की त्याला फोन लावून हे संचालकांचे वाभाडे काढायचे. कुणाला ‘बिनशेपटीचा बैल’ म्हणायचे, कुणाला ‘सासऱ्याच्या ताटातलं लोणचं’. गेलं वर्षभर असं होत होतं की दुपारी दिलेली पदवी संध्याकाळपर्यंत त्या त्या संचालकाच्या घरी पोचायची, आणि तीही शब्दाचा कानामात्रा न बदलता. दिवाळीनंतर गिरणीची निवडणूक होती. बैल आणि लोणचं दोघंही चेअरमनवर फुरंगटून बसले होते.

दादासाहेबांनी शोध लावला. शोध म्हणजे काय, फोनवर बोलताना मध्येच आवाज बारीक होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे कुणीतरी मध्येच रिसिव्हर उचलतं. मध्ये कोण? चौगुले बाई. संपला शोध. मी शपथ घेतली, रडलेसुद्धा. त्या रडण्याची मला अजून लाज वाटते, कारण ते असल्या माणसापुढं रडणं होतं. “बाईमाणूस आहे, म्हणून पोलिसात देत नाही,” ते सगळ्या ऑफिससमोर म्हणाले होते, आणि वर एक नाव ठेवलं होतं, कानचोर.

नोकरी जाणार याचं दुःख होतंच. पण नोकरी दुसरी मिळते. गावात मला बघून बायका बोलायच्या थांबायला लागल्या, त्याचं काय करायचं? पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन गेले की चक्की तेवढी बोलायची. माझ्या सासूबाई फटकळ. त्या एकदा म्हणाल्या, “इंदू, तू ऐकलं असतंस तरी मला राग नव्हता. पण न ऐकता नाव घेऊन बसलीस.” मला नोकरी नको झाली होती. मला माझं नाव परत पाहिजे होतं.

बापूसाहेब मात्र मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. “जाऊ दे बाई, ईश्वर बघतोय,” म्हणायचे. ते भाविक म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. दादासाहेबांच्या केबिनला लागून आबांची खोली होती. आबा गेल्यावर तिचं देवघर केलं होतं. आबांची खुर्ची, आबांचा फेटा, भिंतीवर हार घातलेला फोटो आणि टेबलावर आबांचा काळा, तबकडीचा फोन. त्या फोनलाही रोज हळदकुंकू लागायचं. बापूसाहेब रोज दुपारच्या जेवणानंतर त्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि तासभर भावाच्या फोटोपुढं ध्यान करायचे. शिपाई त्या वेळी चपला हातात घेऊन व्हरांड्यातून जायचे. लक्ष्मणानं रामासाठी एवढं केलं नसेल, असं संचालक म्हणत.

नव्या बोर्डाचं उद्घाटन खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा असते. सूत कातायच्या चात्यांना झेंडूच्या माळा, बॉयलरला नारळ, आणि ऑफिसातल्या टाइपरायटरपासून फोनपर्यंत सगळ्यांना गंधफूल. फोनची सफाई आणि पूजा दरवर्षी माझ्याकडे.

“उद्या पूजा करा, परवा दसरा,” दादासाहेब आदल्या दिवशी म्हणाले. “दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, बाई. तुमचं आमच्या गेटाबाहेर.” स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले.

आबांच्या फोनला मात्र माझा हात लागत नसे. तो बापूसाहेब स्वतः पुसायचे. “आबांच्या वस्तूला परका हात नको,” म्हणायचे. पण त्या वर्षी ते अष्टमीच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले आणि गर्दीत अडकले. उद्या सकाळी येतो, असा निरोप आला. मॅनेजर हेरवाडे मला म्हणाले, “बाई, आबांची खोलीबी उरका आज. उद्या फोटोवाला येणार हाय.”

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी खोलीत गेले, खुर्ची पुसली, फोटो पुसला आणि फोन उचलून उलटा केला. बुडाच्या फटीतून कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि ते टोक ओढलं. आतून फडक्याचा बोळा निघाला. घंटीच्या दोन वाट्यांमध्ये तो नीट, दाबून बसवलेला होता. तो हातात घेतला आणि मला सटासट शिंका आल्या.

रुमालाचा फाडलेला तुकडा होता तो, तपकिरीनं पिवळा पडलेला.

मी रिसिव्हर उचलून कानाला लावला.

“...थेरडा गेलाय कोल्हापूरला,” दादासाहेब कुणाला तरी सांगत होते. “देवीच सांभाळो त्याला, आमच्याच्यानं होत नाही. हॅलो? हॅलो? आवाज बारीक का झाला हो?”

मी रिसिव्हर हळूच ठेवला आणि आबांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत कुणी बसायचं नसतं.

सगळं आरशासारखं लख्ख दिसलं. म्हाताऱ्या आबांनी पोराच्या हाती कारभार दिला, पण कान स्वतःपाशीच ठेवला होता. पोराच्या फोनवरून या खोलीत त्यांनी गुपचूप पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, ओढून घेतला होता. आबा गेले, पॅरलल राहिला. धाकट्या भावानं घंटीत बोळा कोंबला आणि वारसा चालवला. ध्यान म्हणे! आणि ‘आबांच्या हातची वायर’ बदलू नका म्हणून डोळ्यांतून काढलेलं ते पाणी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानंच संन्याशाचा वेष घेतला होता, आणि फासाला मी.

तडक उठून दादासाहेबांकडं जावं, असं एकदा वाटलं. मग विचार केला. जाऊन काय सांगणार? आबांच्या खोलीतून तुमचं बोलणं ऐकू येतं? ते म्हणाले असते, “सापडली. इथं बसून ऐकत होती तर.” आणि संचालकांनी माना हलवल्या असत्या. असल्या माणसांसमोर खरं नुसतं बोलून भागत नाही. ते घणघण वाजावं लागतं. मी बोळा पर्समध्ये टाकला, फोनला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दार ओढून घेतलं. घंटी आधीच वाजू नये म्हणून दादासाहेबांना आलेला एकही फोन मग मी पुढे जोडला नाही.

खंडेनवमीला पटांगणात मांडव घातला होता. दादासाहेबांची कल्पना अशी की नव्या बोर्डावरचा पहिला फोन सगळ्या कामगारांनी ऐकावा. त्यांच्या टेबलावरच्या नव्या फोनला बोलायचा भोंगा होता, रिसिव्हर न उचलता आवाज खोलीभर यायचा. त्या भोंग्यासमोर माइक ठेवला आणि मांडवात कर्णे लावले. केबिनमध्ये संचालक दाटीवाटीनं बसले. बापूसाहेब आयत्या वेळी पोचले, कपाळभर मळवट आणि हातात प्रसादाचा द्रोण. येताच ते आबांच्या खोलीकडं वळले होते, पण हेरवाड्यांनी त्यांना हाताला धरून चेअरमनशेजारी बसवलं. मी दाराशी पूजेचं ताट घेऊन उभी.

“आजपासून या संस्थेत,” दादासाहेब माइकवर म्हणाले, “चेअरमनचं बोलणं चेअरमनपाशी राहील. मध्ये कुणी नाही.”

टाळ्या पडल्या. पलीकडं स्पिनिंग खात्यात मुल्ला थांबला होता. त्यानं ठरल्याप्रमाणं नंबर फिरवला. दादासाहेबांच्या टेबलावरचा नवा फोन पाखरासारखा चिवचिवला.

आणि भिंतीपलीकडून आबांचा फोन घणघणला.

तीन वर्षांचं गप्प बसणं भरून काढावं तसा वाजत होता तो. भिंत थरथरली म्हटलं तरी चालेल. कर्ण्यातून तो आवाज मांडवात गेला. मग बिनशेपटीचा बैल उठला, त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले.

“आबा,” तो म्हणाला. “आबांनी आशीर्वाद दिला.”

झालं. एकामागून एक सगळे उठले. लोणच्यानं तर गुडघे टेकले. फोटोवाल्यानं फटाफट फोटो काढले. दादासाहेबांना काय करावं सुचेना, पण आशीर्वाद आपल्यालाच आहे हे त्यांना चटकन सुचलं, आणि त्यांनीही डोळे मिटून हात जोडले. एकट्या बापूसाहेबांचे डोळे उघडे होते. मळवटाखालचा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मी बघतच राहिले. बोळा काढला, म्हणजे आता वाजेल आणि चोर सापडेल, असा माझा हिशेब. पण मूर्खांच्या गावात घंटा वाजली की त्यांना देऊळच दिसतं.

दादासाहेबांनी एका हातानं नमस्कार तसाच धरून दुसऱ्या हातानं भोंग्याचं बटण दाबलं. दोन्ही फोन एकदम थांबले. “आबांनी कारभार तुमच्या हाती दिला, दादा,” हेरवाडे गहिवरून म्हणाले. भोंग्यातून मुल्ला बिचारा “हॅलो, हॅलो साहेब, ऐकू येतंय का?” करत होता.

मी पूजेचं ताट खाली ठेवलं. आबांच्या खोलीत गेले. रिसिव्हर उचलला.

“नमस्कार, सूतगिरणी,” मी म्हणाले. “कोण पाहिजे?”

माझा आवाज दादासाहेबांच्या टेबलावरून निघाला आणि कर्ण्यातून साऱ्या पटांगणावर पसरला.

“आं? ही लाइन कुठं लागली?” मुल्ला म्हणाला.

“बरोबर लागली,” मी म्हणाले. “दादासाहेब, तुमच्या फोनवर बोललेलं इथं सगळं ऐकू येतं. रोज दुपारी सगळं ऐकू येतं.”

रिसिव्हर ठेवून मी परत आले तेव्हा संचालकांचे हात अजून जोडलेलेच होते, पण आता ते कशासाठी जोडलेत हे त्यांना आठवत नव्हतं. मी पर्समधून बोळा काढला आणि नव्या फोनशेजारी ठेवला.

“हा आबांच्या घंटीत होता,” मी म्हणाले. “कुणाचा ते मी सांगत नाही. वास घ्या.”

वास घ्यायची गरज नव्हती. लोणचं जवळ बसलं होतं, ते शिंकलं. मग सगळ्यांनी बापूसाहेबांकडं बघितलं. बापूसाहेबांनी सवयीनं खिशातून रुमाल काढला, डोळ्यांकडं नेला आणि मध्येच थांबवला. तो हात खाली कसा आणावा हे त्यांना समजेना. उभ्या आयुष्यात मला एवढं समाधान झालं नाही.

दादासाहेब उठले. त्यांना कळलं होतं, आणि ते मूर्ख असले तरी एवढे नव्हते. त्यांनी चुलत्याकडं पाहिलं, फोटोवाल्याकडं पाहिलं, माइक काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आज सणाचा दिवस. आज घरातलं बाहेर नको.”

पुढचं सगळं घरातल्या घरातच झालं. आठवड्याच्या आत चुलते-पुतणे एका ताटात जेवले. बापूसाहेबांच्या माणसांना निवडणुकीत जागा मिळाल्या. संचालकांनी ठराव केला: जुनी वायर खराब असल्यानं गैरसमज झाले, सबब ती समूळ काढून नवी टाकावी. गुन्हेगार वायर ठरली.

मला केबिनमध्ये बोलावलं.

“झालं गेलं विसरा, बाई,” दादासाहेब म्हणाले. “नवीन मशीन कुणाला येत नाही. तुम्ही बसा बोर्डावर.”

“बसते,” मी म्हणाले. “ज्या ऑफिससमोर मला कानचोर म्हणालात, त्याच ऑफिससमोर एकदा म्हणा, बाईंनी ऐकलं नव्हतं.”

ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी चेअरमनची खुर्चीच मागितली. “असं कसं म्हणायचं? मग विचारतील, ऐकलं कुणी?”

“मग विचारू दे.”

“ते जमायचं नाही, बाई.”

मला जमलं. दसरा होऊन गेला होता, पण मी सीमोल्लंघन केलं. मिरजेला एका दवाखान्यात फोनवर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोक मला तिथं चौगुले बाई म्हणायचे, आणि माझ्यासमोर मोकळं बोलायचे.

गेल्या साली भाचीच्या लग्नाला पुन्हा त्या गिरणीच्या आवारात गेले. आता तिथं मंगल कार्यालय आहे. दादासाहेब गेले, बापूसाहेब त्यांच्याआधी गेले, दोघांचे फोटो आबांशेजारी लागलेत. अक्षता पडल्यावर नवऱ्याकडची एक बाई खण-नारळ घेऊन मला म्हणाली, “मावशी, फोनच्या देवीची ओटी भरली का? इथं येऊन भरल्याबिगर जाऊ नये.”

“कुठली देवी?”

“अगं बाई, ठावं न्हाई? लई जागृत हाय. नवरात्रात आबासाहेबांचा फोन आपोआप वाजला, आन् त्यातनं अंबाबाई बोलली. हजार माणसांनी ऐकलं. माझ्या सासऱ्यांनी मांडवात बसून ऐकलंय. म्हनली, इथं मला सगळं ऐकू येतं.”

“बाईचा आवाज होता?”

“देवीचा.”

“ऑपरेटर होती एक इथं, चौगुले म्हणून.”

“असल,” ती म्हणाली. “ती कानचोर न्हवं का? तिला देवीनं हाकलली.”

तिच्यामागून मी आबांच्या खोलीत गेले. फोनला हिरवा खण नेसवला होता आणि तबकडीच्या मधोमध मोठं कुंकू. पुढं नारळांचा ढीग. टेबलामागं वायरचं तुटकं टोक लोंबत होतं, चार बोटांचं. बाकीची त्यांनी ठरावाप्रमाणे समूळ काढली होती.

बाईनं ओटी ठेवली, डोळे मिटले आणि ती पुटपुटत काहीतरी मागायला लागली. मी तिच्या शेजारी उभी होते.

“नमस्कार, सूतगिरणी,” मी म्हणाले. “कोण पाहिजे?”

तिनं डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठ्या घालून नुसता हात वर केला.

“गप ऱ्हावा, मावशी,” ती म्हणाली. “देवीम्होरं मदी बोलू नये.”